परतीचं विमान लवकर का पोहोचतं?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने साधारण १६ तास लागतात, परत येताना मात्र तास-दीड तास वाचतो. यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न सतत फिरत असतो: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग न्यूयॉर्कच विमानाच्या दिशेने यायला हवं, जाताना जास्त वेळ कसा? खाली कुणीतरी ‘पृथ्वी फिरतच नाही’ असं सांगून मोकळं होतं.

प्रश्न रास्त आहे, निष्कर्ष साफ चुकीचा. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकते. धावपट्टीवरचं विमान आणि भोवतालची हवाही तिच्याबरोबरच सरकत असतात. धावत्या विरार लोकलमध्ये उडी मारली म्हणून कुणी मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. विमानाचा हिशोब असतो तो जमिनीच्या तुलनेत हवा किती आणि कुठे वाहते याच्याशी.

पण पृथ्वीचं फिरणं इथे वेगळ्या वाटेने आत शिरतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. विषुववृत्ताजवळ तापलेली हवा वर चढते आणि बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरून ध्रुवांकडे निघते. विषुववृत्तावर जमिनीसोबत तिचा पूर्वेकडचा वेग असतो ताशी १६७० किलोमीटर. ३० अंश अक्षांशावर पोहोचेपर्यंत पृथ्वीच्या अक्षापासूनचं तिचं अंतर ८७ टक्क्यांवर येतं. कोनीय संवेग (फिरणाऱ्या वस्तूचं वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहायचा तर अंतर घटेल त्या प्रमाणात वेग वाढला पाहिजे, म्हणजे ताशी सुमारे १९३०. तिथली जमीन मात्र जेमतेम १४५० ने सरकते. उरलेले ४८० म्हणजे निव्वळ वारा! प्रत्यक्षात घर्षण आणि प्रचंड भोवरे त्यातला बराच वेग खाऊन टाकतात, तरी हिवाळ्यात उत्तर भारताच्या डोक्यावरून ताशी १५०-२०० किलोमीटरचा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. ताशी ९०० ने उडणाऱ्या विमानाला १०० चा वारा पाठीशी मिळाला तर वेग १०००, समोरून आला तर ८००. फेब्रुवारी २०२० मध्ये अशाच वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं होतं.

अंतराचंही तसंच. नकाशावर न्यूयॉर्क पश्चिमेला दिसतं, पण गोलावरची सर्वांत जवळची, सुमारे साडेबारा हजार किलोमीटरची वाट मुंबईहून चक्क उत्तर-वायव्येला निघते आणि ६५ अंश उत्तरेपर्यंत चढते. दिशाशूळ पाहून तिकीट काढणाऱ्यांनी कुठली दिशा धरायची? त्यापेक्षा वाऱ्याचा अंदाज पाहावा. वैमानिक आणि मार्ग आखणारे तोच पाहतात, आणि वारा टाळण्यासाठी कधीकधी मुद्दाम लांबची वाट धरतात.

पावसाळ्यात तर आपल्याकडे चित्रच पालटतं. तिबेटचं पठार तापतं, पश्चिमेचा जेट प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा जेट प्रवाह तयार होतो. १९५० च्या दशकात भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी तो उजेडात आणला. त्यामुळे जुलैत मुंबईहून इथिओपियातल्या अदिस अबाबाकडे निघालेल्या विमानाला जातानाच वाऱ्याची साथ मिळू शकते आणि परतीला तोच वारा अंगावर येतो.