काळ्या रानातली माणसं

आमच्या लातूरकडं काळ्या रानात घर बांधायचं म्हटलं की गवंडी आधी खोल खणायला लावतो. मुरूम लागेपर्यंत पाया न्यायचा, नाहीतर भिंतींना चिरा पडल्याच म्हणून समजा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून अशा भेगा पाडते की हात आत जावा. पण पाणी धरून ठेवायच्या त्याच गुणामुळं पाऊस सरल्यावरही रब्बीची ज्वारी नुसत्या ओलीवर उभी राहते. मुरमाड माळाला भेगा पडत नाहीत, अन् तिथं शाळूही साधत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भावकीतल्या लग्नात वरात निघाली, डीजे सुरू झाला आणि माझा सात वर्षांचा भाचा कान दाबून रडायला लागला. "लेकरू काऊन रडायलंय? लईच हळवं हाय हे," आजी म्हणाली. कुणी भित्रं म्हणालं. याच पोराला दूध लागल्याचा वास घरात सगळ्यांच्या आधी येतो. आईचा आवाज जरा बदलला तर "मम्मी, काय झालंय?" विचारणारा तोच. या सगळ्याचं मूळ एक असू शकतं, हे मला तिथंच सांगायचं होतं. डीजेपुढं ऐकणार कोण?

एलेन आणि आर्थर अ‍ॅरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दाम्पत्यानं १९९७ साली या अतिसंवेदनशील स्वभावाची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात २७ प्रश्न आहेत. मोठ्या आवाजानं त्रास होतो का, दुसऱ्याच्या मनःस्थितीचा तुमच्यावर परिणाम होतो का, कलेनं तुम्ही हेलावता का, अशा धर्तीचे. त्यांच्या मते अशा माणसांचे कान-डोळे वेगळे नसतात. आत आलेल्या गोष्टीची मेंदू जास्त खोलवर छाननी करतो. हा आजार नव्हे, मानसिक विकारांच्या यादीत तो नाही. २०१८ मधल्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे ३१ टक्के लोक जास्त संवेदनशील, ४० टक्के मधले आणि २९ टक्के कमी संवेदनशील निघाले. हळवे एकीकडं अन् बाकीचे दुसरीकडं अशी रेघ नाही, उतरंड आहे. संशोधकांनी या तीन गटांना ऑर्किड, ट्यूलिप आणि डँडेलियन या फुलांची नावं दिली. आमच्याकडं ही फुलं पाहिलीत कुणी? मला काळी माती पुरते.

माती आठवायचं कारण आणखी एका अभ्यासात आहे. इंग्लंडमधल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत अकराएक वर्षांच्या मुलींना मन सावरायला शिकवणारा कार्यक्रम दिला गेला. निष्कर्ष २०१५ साली आले. जास्त संवेदनशील मुलींमधली नैराश्याची लक्षणं कमी झाली आणि तो फायदा वर्षभरानंतरही टिकला. कमी संवेदनशील मुलींवर फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे हळव्या माणसाला वाईट जसं जास्त लागतं, तसं चांगलंही जास्त लागू पडतं. आपण मात्र फक्त भेगाच मोजत बसतो.

मग हे रक्तातच असतं का? जुळ्या मुलांवरच्या २०२० च्या अभ्यासात माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे ४७ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. बाकीचा परिस्थितीचा. मला एक खटकतं: प्रश्नावलीतले बरेच प्रश्न त्रासाबद्दल आहेत, त्यामुळं चिंता करणारा माणूसही त्यात 'संवेदनशील' ठरू शकतो. टीकाकारही हेच म्हणतात.

शिवाय प्रत्येक दचकणं जन्मजात नसतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर पत्रा वाजला तरी उठून बाहेर पळणारी माणसं आमच्या भागात होती. ती मनाला बसलेली जखम. तिचे उपचार वेगळे. अर्धशिशीत उजेड-आवाज सोसत नाही. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांनाही आवाजाचा, स्पर्शाचा त्रास होऊ शकतो. झोप, जेवण, शाळा यांवर परिणाम व्हायला लागला तर डॉक्टरांना दाखवावं, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेला १४४१६ वर फोन करावा.

हळव्या लेकराला मग लग्नाला न्यायचंच नाही का? न्यायचं. सतत टाळत राहिलं तर भीती वाढतेच. पण बसायची जागा बघायची: मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. ऊन, गर्दी, भूक, झोपमोड यांचा भार साचत जातो, डीजे शेवटी नुसतं निमित्त होतो. म्हणून आधी पोटात काहीतरी आणि मधून दहा मिनिटं सावलीत. काय होणार हे आधी सांगून ठेवायचं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून श्वास घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ सोडायला द्यावा. मोठ्यांनाही हे चालतं. "उगं रडू नको" म्हटल्यानं मात्र कुणाचं रडणं थांबलेलं मी पाहिलं नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आणखी एक लग्न होतं. "अक्षता पडल्या की वाजणार बघ," असं भाच्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. कानात कापसाचे बोळे घालून तो माझ्यासोबत वरातीच्या पार मागं चालला. थोड्या वेळानं माझा सदरा ओढत म्हणाला, "मामा, घोडी लंगडायलीय."

घोडीवाल्याला थांबवून पाय उचलून पाहिला, तर खुरात खडा अडकला होता.