सशुल्क ब्लॉग

सशुल्क ब्लॉग : ज्या ब्लॉगवरील सर्व किंवा काही लेखन वाचण्यासाठी वाचकाला पैसे भरावे लागतात, असा ब्लॉग. जाहिराती, प्रायोजित लेख आणि दुकानांच्या दुव्यांवर मिळणारे कमिशन यांचा विचार या नोंदीत केलेला नाही, कारण तिथे पैसे देणारा तिसराच कोणी असतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेची सशुल्क खातीही कक्षेबाहेर राहतात. त्या खात्यांचे पैसे जादा सोयींसाठी लिहिणारा भरत असे, वाचणारा नव्हे.

उगम : ‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्जर याने डिसेंबर १९९७ मध्ये वापरला आणि १९९९ मध्ये त्याचा ‘ब्लॉग’ असा संक्षेप झाला, हे सर्वमान्य आहे. वाचकाकडून शुल्क घेण्याची प्रथा मात्र कुठून आली, याबद्दल एकमत नाही.

एका मतानुसार ती वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांकडून आली. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने १९९६-९७ च्या सुमारास आपल्या संकेतस्थळासाठी वर्गणी घेण्यास आरंभ केला. ‘स्लेट’ या नियतकालिकाने १९९८ मध्ये वर्षाला १९.९५ डॉलर आकारून पाहिले आणि साधारण वर्षभरात तो प्रयोग मागे घेतला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सप्टेंबर २००५ मध्ये बातम्या खुल्या ठेवून स्तंभलेखकांचे लेख वर्षाला ४९.९५ डॉलरच्या वर्गणीत बंद केले आणि दोन वर्षांनी ते पुन्हा खुले केले. या मताच्या बाजूने एवढे निश्चित म्हणता येते, की ‘पेवॉल’ (पैसे भरल्याशिवाय न उघडणारी भिंत) आणि ‘मीटर’ (वाचलेल्या लेखांची मोजणी) हे शब्द आणि त्यांमागचे तंत्र ब्लॉगलेखकांनी वृत्तपत्रांकडूनच घेतले.

दुसऱ्या मतानुसार सशुल्क ब्लॉगचे खरे पूर्वज म्हणजे एकट्या माणसाने काढलेली वार्तापत्रे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये छापील बातम्यांवर सरकारी नियंत्रण असताना हेन्री मडिमन हस्तलिखित वार्तापत्रे वर्षाला पाच पौंड घेऊन ग्राहकांना पाठवत असे. विसाव्या शतकातील ठळक उदाहरण आय. एफ. स्टोन या अमेरिकन पत्रकाराचे आहे. त्याने १९५३ मध्ये वर्षाला पाच डॉलर वर्गणीचे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा वर्गणीदार सुमारे ५,३०० होते. १९७१ मध्ये ते बंद झाले, तोवर ही संख्या ७०,००० च्या आसपास पोहोचली होती. मजकूर स्टोन लिहीत असे आणि वर्गणीदारांची नोंद त्याची पत्नी एस्थर ठेवत असे. जाहिरात नव्हती, मालक नव्हता.

तिसरे मत देणगीला महत्त्व देते. २००३ मध्ये ख्रिस्तोफर ऑलब्रिटन वाचकांनी दिलेल्या पैशांवर इराकमध्ये वार्तांकनासाठी गेला. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसन कॉट्की याने नोकरी सोडून आपला ब्लॉग पूर्णवेळ चालवायला घेतला. सुमारे १,४५० वाचकांनी मिळून त्याला जवळपास ४०,००० डॉलर दिले. वर्षभराने त्याने ही पद्धत थांबवली आणि २०१६ मध्ये सदस्यत्वाच्या रूपाने ती पुन्हा आणली. कॉट्कीचे सर्व लेखन देणगी न देणाऱ्यालाही खुले होते. त्यामुळे काटेकोर अर्थाने हा ब्लॉग सशुल्क ठरत नाही. पण एकट्या लेखकाच्या लिहिण्यासाठी वाचक पैसे देतात, हे त्याने दाखवून दिले.

या मतांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. वृत्तपत्रातून एखादा लेखक गेला, तरी वर्गणीदार बहुधा वृत्तपत्रापाशीच राहतो. सशुल्क ब्लॉगचा वाचक लेखकाबरोबर जातो. त्याने विकत घेतलेली वस्तू एका विशिष्ट माणसाचे नियमित लक्ष ही असते. पुढे निघालेल्या सेवांपैकी काहींनी वर्गणीदारांच्या ईमेल पत्त्यांची यादी लेखकाला सोबत नेण्याची मुभा दिली, त्यामागे हेच तत्त्व दिसते.

मराठीत या वंशातील सर्वांत जवळचे उदाहरण शोधायचे, तर विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’कडे (१८७४–८१) जावे लागते. मासिकाचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर एकट्या विष्णुशास्त्र्यांचा होता. वाचक वर्गणी भरत तो त्यांच्या लेखणीसाठी. तुलना मात्र फार ताणू नये. छापील अंकाच्या वर्गणीत कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च असे. त्यामुळे ‘पैसे कशाचे?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहत नसे. हातात अंक येई. ब्लॉगच्या वाचकाला तोच मजकूर वाचण्याची परवानगी तेवढी मिळते.

वसुलीच्या बाबतीत साम्य अधिक आहे. हिंदुस्थानात १८७७ मध्ये व्ही. पी. टपाल सुरू झाले. पोस्टमन अंक घेऊन दारात येई, घरातून पैसे आणले जात आणि मगच अंक हाती पडे. पैसे नसले किंवा घरधनी बाहेरगावी असला, की व्ही. पी. परत जाई आणि दोन्ही वेळचा भुर्दंड संपादकाच्या माथी बसे. ‘व्ही. पी. परत करू नये’ ही विनंती मराठी मासिकांच्या वाचकांना चांगलीच परिचित होती. आज कार्डावरील वर्गणीचे नूतनीकरण आपोआप व्हायचे असते आणि बँकेच्या पातळीवर अडते, तेव्हा लेखकाचे नुकसान तशाच प्रकारचे होते. वाचकाला वर्गणी चालू ठेवायची असते, तरीही ती तुटते.

तंत्र : वेबच्या रचनेत पैसे घेण्याची जागा आरंभीच आखलेली होती. सर्व्हर ब्राउझरला जे तीन अंकी संकेत पाठवतो, त्यांत ४०४ म्हणजे ‘पान सापडले नाही’ हे सर्वांना माहीत आहे. ४०२ चा अर्थ ‘पैसे भरणे आवश्यक’ असा आहे. १९९२ च्या सुमारच्या मसुद्यातच हा संकेत आढळतो. जानेवारी १९९७ च्या अधिकृत विनिर्देशात तो ‘भविष्यातील वापरासाठी राखीव’ म्हणून नोंदवला गेला आणि सुमारे पाव शतक तसाच जवळजवळ रिकामा पडून राहिला. पैसे कसे भरायचे याची सर्वमान्य पद्धत नव्हती, हे त्याचे मुख्य कारण. डेव्हिड चॉम यांच्या डिजिकॅश कंपनीने इलेक्ट्रॉनिक रोकड आणली, पण ती कंपनी १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली. अलीकडे २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्या यंत्रांकडून पैसे मागताना संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने ४०२ चा वापर सुरू केला. म्हणजे वाचकासाठी राखलेली जागा अखेर यंत्रांच्या वाट्याला आली.

दर लेखाला चार-आठ आणे घ्यावेत, ही कल्पना वारंवार पुढे आली आणि वारंवार फसली. संगणकतज्ज्ञ निक साबो आणि त्यानंतर २००० मध्ये इंटरनेटविषयक लेखक क्ले शर्की यांनी याचे जे कारण दिले, ते आजही सर्वांत पटणारे आहे : रक्कम कितीही लहान असली, तरी ‘हा लेख एवढ्याचा आहे का?’ हा निर्णय वाचकाला दर वेळी घ्यावा लागतो आणि तो शीण रकमेपेक्षा मोठा ठरतो. नेदरलँड्समधील ‘ब्लेंडल’ने २०१४ पासून लेखागणिक विक्री केली, पण २०१९ मध्ये तीही मासिक वर्गणीकडे वळली.

प्रत्यक्षात रूढ झालेल्या पद्धती दोन. पहिली मीटरची : महिन्याला ठरावीक लेख मोफत, त्यापुढे शुल्क. ‘फायनान्शियल टाइम्स’ने २००७ मध्ये आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने मार्च २०११ मध्ये (महिन्याला २० लेख) ही पद्धत स्वीकारली. वाचकाने किती लेख उघडले, याची मोजणी बहुधा ब्राउझरमधील कुकीत (संकेतस्थळाने तिथे ठेवलेल्या छोट्या नोंदीत) साठवतात. कुकी पुसली, की मोजणी शून्यावर येते. शिवाय अनेक ठिकाणी पूर्ण लेख वाचकाच्या ब्राउझरपर्यंत पोहोचलेला असतो आणि त्यावर नुसता पडदा टाकलेला असतो. तो पडदा बाजूला करण्यास फारसे कौशल्य लागत नाही. यावर पक्का उपाय म्हणजे वर्गणीदाराची ओळख पटल्याशिवाय सर्व्हरने मजकूर पाठवूच नये. पण मग शोधयंत्रांनाही लेख दिसत नाही आणि नवा वाचक येण्याची वाट बंद होते. गुगलचा आग्रह बरीच वर्षे असा होता, की शोधातून आलेल्या वाचकाला पहिला लेख मोफत दाखवावा. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो नियम मागे घेण्यात आला. आता पानाच्या सांकेतिक वर्णनातच हा मजकूर सशुल्क असल्याचे नमूद करता येते.

दुसरी पद्धत ईमेलची. काही लेख सर्वांना आणि काही फक्त वर्गणीदारांना पाठवले जातात. इथे कुलूप नसते. ईमेल पुढे पाठवण्यापासून कोणालाही रोखता येत नाही आणि बहुतेक लेखक ते रोखण्याच्या फंदात पडतही नाहीत. एकाने दुसऱ्याला पाठवलेले पत्र नवा वर्गणीदार आणण्याचीही शक्यता असते. आरएसएस फीडच्या (नवे लेख वाचकापर्यंत आपोआप पोहोचवणाऱ्या यादीच्या) बाबतीत प्रत्येक वर्गणीदाराला स्वतंत्र, गुप्त पत्त्याचा फीड देण्याची चाल आहे. भारतात तांत्रिक संरक्षण तोडण्याबाबतची तरतूद कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने (कलम ६५अ) आली.

प्रमुख उदाहरणे : अँड्र्यू सलिव्हन या ब्लॉगलेखकाने जानेवारी २०१३ मध्ये आपला ‘द डिश’ हा ब्लॉग माध्यमसंस्थेपासून वेगळा करून वाचकांच्या वर्गणीवर चालवण्याचे जाहीर केले. वर्षाला १९.९९ डॉलर हा दर होता. छोट्या नोंदी सर्वांना खुल्या होत्या. लांब लेखांखाली ‘पुढे वाचा’ हे बटण असे आणि मोजणी त्या बटणाची होई. वाचक नेमका जिथे गुंतला आहे तिथेच पैसे मागण्याची ही कल्पना आजही अभ्यासण्याजोगी आहे. वर्गणीदार सुमारे ३०,००० झाले, तरी फेब्रुवारी २०१५ मध्ये ब्लॉग थांबला. कारण पैशांचे नव्हते. वर्षानुवर्षे रोज लिहिण्याने लेखकाची प्रकृती थकली होती. वर्गणीवर चालणाऱ्या एकखांबी लेखनाचा हा धोका त्याच्या अर्थशास्त्रात सहसा मांडला जात नाही, तो मांडला गेला पाहिजे.

तंत्रज्ञान-व्यवसायाचा विश्लेषक बेन थॉम्पसन याने तैपेईहून चालवलेल्या ‘स्ट्रॅटेकरी’ने २०१४ पासून आठवड्याचा एक मोठा लेख मोफत आणि रोजचे टिपण सशुल्क (महिन्याला १० डॉलर) अशी विभागणी केली. मोफत लेखाने वाचक आणायचा आणि नित्यक्रमाने टिकवायचा, हा आराखडा पुढे अनेकांनी उचलला. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या ‘सबस्टॅक’ने ईमेल, पान आणि वसुली या तिन्ही सोयी एकत्र दिल्या. तिचा पहिला सशुल्क लेखक बिल बिशप हा चीनविषयक वार्तापत्र चालवणारा होता. ‘घोस्ट’ ही ना-नफा संस्थेची प्रणाली वसुलीतील वाटा घेत नाही, होस्टिंगचे (ब्लॉग सर्व्हरवर ठेवण्याचे) शुल्क घेते.

अर्थकारण : तंत्रज्ञानविषयक लेखक केव्हिन केली यांनी २००८ मध्ये मांडलेला हिशेब सर्वत्र उद्धृत होतो : वर्षाला १०० डॉलर देणारे १,००० निष्ठावंत चाहते असले, की लाख डॉलर होतात. मात्र त्यात फक्त वाचनाची वर्गणी अभिप्रेत नव्हती. चाहता वर्षभरात जे जे विकत घेईल, ते सर्व त्यात धरलेले होते. शिवाय हातात पडणारी रक्कम कमी असते. सबस्टॅक १० टक्के घेते. त्याखेरीज कार्डावरील व्यवहाराचा अमेरिकेतील प्रचलित दर २.९ टक्के अधिक ३० सेंट असा आहे. महिन्याला पाच डॉलर दर ठेवला, तर ५० सेंट आणि सुमारे ४५ सेंट वजा होऊन लेखकाला चार डॉलरच्या थोडे वर मिळतात. तेच साठ डॉलर वर्षातून एकदा घेतले, तर ३० सेंटचा आकार बाराऐवजी एकदाच लागतो. वार्षिक वर्गणीवर सवलत देण्यामागे हेही एक कारण आहे.

भारतात : रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या प्रत्येक वसुलीची सूचना ग्राहकाला २४ तास आधी देणे आणि ठरावीक मर्यादेपुढे (आरंभी ५,००० रुपये, जून २०२२ पासून १५,०००) दर वेळी ओटीपी घेणे बंधनकारक झाले. ग्राहकाच्या दृष्टीने हा नियम हिताचा आहे. परंतु परदेशी सेवांमार्फत घेतलेल्या वर्गण्या त्यामुळे मोठ्या प्रमाणात अडल्या. सबस्टॅकची वसुली ज्या स्ट्राइप कंपनीमार्फत होते, ती भारतात २०२४ पासून नवी खाती केवळ निमंत्रणाने देते. साहजिकच भारतातून लिहिणाऱ्याला हा मार्ग अवघड आहे. जुलै २०२० मध्ये आलेली यूपीआय ऑटोपे ही खात्यातून ठरावीक काळाने आपोआप पैसे जाण्याची सोय त्याला पर्याय ठरते. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास सेवा देणाऱ्याला सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. त्यापुढे वर्गणीवर १८ टक्के कर येतो. बेंगळुरूचे ‘द केन’ (२०१६) हे वर्गणीवर चाललेले इंग्रजी उदाहरण, पण तो एकट्याचा ब्लॉग नव्हे.

मराठीत ब्लॉगलेखन (अनुदिनी, जालनिशी हे पर्यायही सुचवले गेले) विपुल झाले, पण ते बहुतांशी मोफत राहिले. जिथे पैसे घेतले जातात, तिथे बहुधा पद्धत घरगुती असते : यूपीआयचा क्यूआर कोड, भरल्याचा स्क्रीनशॉट आणि मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात प्रवेश. हिशेब वहीत किंवा एक्सेलमध्ये. वर्ष संपले, की लेखक स्वतःच आठवण करतो, आणि ओळखीच्या माणसाकडे पैसे मागण्याचा संकोच त्याला तिथे आडवा येतो.

जतन : ब्लॉग बंद झाल्यावर सशुल्क लेखांचे काय व्हावे, याबाबत कोणतीही रूढी नाही. ‘द डिश’चे जुने लेख खुले राहिले. पण कुलूपबंद पानांपुढे जुनी संकेतस्थळे जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हची यंत्रेही थांबतात आणि केवळ ईमेलने गेलेला मजकूर त्यांच्या वाटेला येतच नाही. भारतात प्रकाशकाने प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याचा १९५४ चा कायदा छापील पुस्तके आणि वृत्तपत्रांपुरता आहे. ‘निबंधमाला’ आज ग्रंथालयात बसून वाचता येते, ती तिचे अंक छापलेले होते म्हणून.