कमी होत जाणं हीसुद्धा उत्क्रांतीच

उत्क्रांती म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच चित्र असतं, आधी साधं मग गुंतागुंतीचं, त्यामुळे जी वनस्पती आज साधी दिसते ती जुनी, मागे राहिलेली असं आपण धरूनच चालतो. हे चूक आहे आणि ते पटवायला वुल्फियाइतकं भारी उदाहरण नाही.

वुल्फिया म्हणजे संथ पाण्यावर तरंगणारा, खसखशीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका, जेमतेम १ मिलिमीटर. मूळ नाही, खोड-पान असं वेगळं काही नाही, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्याही नाहीत. शैवालच वाटतं. पण सूक्ष्मदर्शकाखाली बघा, वरच्या अंगाला पर्णरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं दिसतात आणि क्वचित तिथेच एक खळगा, त्यात एक पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर, झालं फूल! जगातली सगळ्यात छोटी सपुष्प वनस्पती हीच, आणि कूळ कुठलं, तर अळू-सुरणाचं.

म्हणजे हिचे पूर्वज चांगले मुळं-पानंवाले होते. गंमत अशी की मधल्या पायऱ्या अजून जिवंत आहेत, हिच्या नात्यातल्या स्पायरोडेलाला मुळांचा झुबका असतो, लेम्नाला एकच मूळ आणि वुल्फियाला शून्य. चहूबाजूंनी पाणी असताना अन्नद्रव्यं अंगातूनच आत घेता येतात, मग मूळ पोसायचं कशाला? वाचलेली ताकद पिल्लं काढण्यात जाते. अंगातल्या एका खिशातून नवं रोप बाहेर येतं तेव्हा त्याच्या पोटात पुढचं रोप आधीच तयार होत असतं, त्यामुळे काही जातींची संख्या साधारण दीड दिवसात दुप्पट होते. २०२१ मध्ये वुल्फियाचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा जनुकसंच वाचला गेला, त्यात मुळं घडवण्याच्या कामातले बरेच जीन गायबच निघाले.

रॅफ्लेशियाची वाट वेगळी, ती परजीवी. तिचं शरीर म्हणजे यजमान वेलीच्या आत पसरलेले नुसते धागे, पण फूल जवळपास १ मीटर रुंद, म्हणजे जे लागत नाही तेवढंच गळलं.

लिव्हरवर्टचं, म्हणजे ओलसर जागी वाढणाऱ्या बिनफुलांच्या छोट्या वनस्पतींचं, तर मला सगळ्यात विशेष वाटतं. त्यांना पर्णरंध्रं नसतात, म्हणून जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींमध्ये ते सर्वात आदिम असं कित्येक वर्षं मानलं जायचं. आता जीनवरून नाती जुळवल्यावर ते मॉसचे (ओल्या भिंतींवर मखमलीसारख्या वाढणाऱ्या वनस्पतींचे) जवळचे भाऊबंद ठरलेत, आणि मॉसच्या बऱ्याच जातींना पर्णरंध्रं असतात, तेव्हा लिव्हरवर्टच्या पूर्वजांनाही ती होती आणि नंतर गेली हेच जास्त शक्य दिसतं.