डळमळलेल्यांवर दया : यहूदाच्या पत्रातील एका ओळीमागचा इतिहास

नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात एकच अध्याय आहे, 25 वचनांचा. त्याचा बराचसा भाग मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, शिरलेल्या खोट्या शिक्षकांवर तुटून पडतो. 22व्या आणि 23व्या वचनांत मात्र सूर पालटतो. जे डळमळले आहेत त्यांच्यावर दया करा, काहींना आगीतून ओढून काढा आणि काहींवर भीत भीत दया करा, असे लेखक सांगतो.

या ओळीतल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा, ‘डायाक्रिनोमाय’चा, अर्थ सरळ नाही. ते ‘वाद घालणे’ या अर्थाने येते, तसेच ‘मनात दुभंगणे, संशय धरणे’ या अर्थानेही. याच पत्राच्या 9व्या वचनात देवदूत मीखाएल सैतानाशी मोशेच्या शरीराविषयी वाद घालतो, तिथे हेच क्रियापद आहे. याकोबाच्या पत्रात (1:6) संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा दिली आहे, तिथेही हेच. म्हणजे याकोब ज्याला खडसावतो त्याच्यावर यहूदा दया करायला सांगतो. हस्तलिखितांतही एकमत नाही. सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनस या चौथ्या शतकातल्या प्रतींत ‘दया करा’ आहे, तर पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रिनसमध्ये ‘चूक पटवून द्या’ असे क्रियापद आहे. नक्कल करणाऱ्यांनाही ही ओळ अवघड गेली असावी. संशय धरणाऱ्याला आधी कवेत घ्यायचे की आधी समजावायचे, हा प्रश्न पुढे शतकानुशतके चर्चमध्ये राहिला.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांतली उदाहरणे मात्र स्वच्छ आहेत. मार्क 9:24 मध्ये आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो, आणि मुलगा बरा होतो. योहान 20 मध्ये शिष्य थोमा येशूचे पुनरुत्थान मानायला नकार देतो. आठ दिवसांनंतर तो इतर शिष्यांसोबत त्याच घरात आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. त्याला कुणी बाहेर काढलेले नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर ग्रेगरीने एका प्रवचनात म्हटले की आपल्या विश्वासाला इतर शिष्यांच्या विश्वासापेक्षा थोमाच्या अविश्वासाचाच अधिक उपयोग झाला.

पहिल्या काही शतकांतल्या मंडळीची खरी परीक्षा मात्र मनातल्या संशयाने नव्हे, भीतीपोटी केलेल्या कृतीने झाली. रोमन सम्राट डेशियसने 249-250च्या सुमारास साम्राज्यातल्या रहिवाशांनी देवांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढला. अर्पण झाले की स्थानिक अधिकाऱ्यांकडून दाखला मिळे. आपण देवांना नेहमीच अर्पण करत आलो आहोत, आणि आताही तुमच्यासमोर पेयार्पण केले, बळी दिला, प्रसाद चाखला, असा त्यातला मजकूर असे. असे चाळीसहून अधिक पपायरस-दाखले इजिप्तच्या वाळूत सापडले आहेत. रोमचा बिशप फेबियन 20 जानेवारी 250 रोजी मारला गेला. पुष्कळ ख्रिस्ती मात्र झुकले. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सायप्रियन लिहितो की लोक आपण होऊन चौकात धावले, आणि संध्याकाळ झाल्याने अधिकाऱ्यांनी काहींना उद्या या म्हणून परत पाठवले.

छळ ओसरला आणि हे लोक दाराशी आले. त्यांचे प्रकार वेगवेगळे होते: प्रत्यक्ष बळी दिलेले, फक्त धूप जाळलेले, आणि काहीच न करता लाच देऊन दाखला मिळवलेले. त्यांना परत घेण्याचा अधिकार कुणाचा, यावर पहिला गोंधळ झाला. छळात विश्वास न सोडता तुरुंगात गेलेल्या ‘कबूलकर्त्यां’ना मंडळीत मोठा मान होता. त्यांनी पतितांना, म्हणजे छळात झुकलेल्यांना, परत घेण्याची शिफारस करणारी शांतिपत्रे द्यायला सुरुवात केली. ‘अमक्याला त्याच्या माणसांसह प्रभुभोजनात (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत) घ्यावे’ अशी काही पत्रे होती. सायप्रियनने नेमके इथेच बोट ठेवले. ‘त्याच्या माणसांसह’ म्हटले की वीस-तीस जण येऊन आपण त्याचे नातलग, त्याचे नोकर असे सांगू शकतात. म्हणून प्रत्येकाचे नाव लिहा, आणि ज्याचा पश्चात्ताप तुम्ही स्वतः पाहिला आहे त्याचेच लिहा, अशी त्याची मागणी होती. हा कोरडा कारकुनी आग्रह वाटेल. पण सरसकट पत्राने त्या माणसाशी बोलण्याची गरजच उरत नव्हती, आणि ज्याच्याशी कुणी बोललेच नाही त्याच्या मनाची जखम तशीच राहते.

251 मध्ये कार्थेजला बिशपांची सभा भरली. ज्यांनी फक्त दाखला घेतला होता त्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यायचे ठरले. ज्यांनी बळी दिला होता त्यांनी पश्चात्तापात राहावे, मृत्यू जवळ आल्यास त्यांना प्रभुभोजन द्यावे. धडधाकट असताना पश्चात्तापाची पर्वा केली नाही आणि आजारपणात मात्र क्षमा मागितली, अशांना ती नाकारायची. चौकशीत काय पाहायचे, हे सायप्रियनच्या पत्रांत सापडते. आपण होऊन धावत गेला की बराच काळ झगडून मोडला? बायकामुलांना सोबत ओढले, की एकट्याने जाऊन घरच्या सगळ्यांना वाचवले? बाहेरून कृत्य सारखेच, पण या दोन माणसांना एकच माप लावणे त्याला अन्यायाचे वाटत होते. पुढच्या एक-दोन वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा सभेने नियम आणखी सैल केला. पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांना लगेच परत घेतले. ज्यांनी प्रभूचा प्याला घेतला नाही त्यांना हौतात्म्याच्या प्याल्यासाठी कसे तयार करणार, असा बिशपांचा युक्तिवाद होता.

रोममध्ये नोव्हेशियनने उलट भूमिका घेतली. पतितांना देव क्षमा करो, चर्चने करू नये, असे त्याचे म्हणणे. बिशप कॉर्नेलियसशी त्याचे फाटले आणि त्याचा पंथ पुढे शतकांनुशतके टिकला. अँटिओखचा बिशप फेबियस तिकडे झुकतो आहे असे दिसल्यावर अलेक्झांड्रियाच्या डायोनिसियसने त्याला पत्र लिहिले. त्यात सेरापियन नावाच्या म्हाताऱ्याची हकिकत आहे. त्याने छळात अर्पण केले होते, नंतर वारंवार क्षमा मागितली, पण कुणी लक्ष दिले नाही. तो तीन दिवस बेशुद्ध पडला, चौथ्या दिवशी सावध झाल्यावर त्याने नातवाला पाळकाकडे धाडले. रात्रीची वेळ, पाळक स्वतः आजारी. पण मरणाऱ्याने मागितले तर नाकारू नये असा डायोनिसियसचा हुकूम होता. पाळकाने प्रभुभोजनाचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात घालायला सांगितले. मुलाने तसे केले, आणि म्हाताऱ्याने प्राण सोडला. संबंध वादातला सर्वात बळकट पुरावा मला हाच वाटतो.

चौथ्या शतकात या दयेला वेळापत्रक आले. 325च्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेच्या 11व्या नियमानुसार, जबरदस्ती नसतानाही श्रद्धा सोडलेल्यांना पश्चात्तापाच्या टप्प्यांत 3 वर्षे ‘ऐकणाऱ्यां’त, 7 वर्षे ‘दंडवत घालणाऱ्यां’त आणि 2 वर्षे प्रार्थनेत, पण प्रभुभोजनाविना, अशी एकूण 12 वर्षे काढावी लागत. 12व्या नियमाने बिशपला पश्चात्ताप खरा दिसल्यास मुदत कमी करण्याची मुभा दिली, आणि 13व्याने मरणाऱ्याला नकार देण्यास मनाई केली. व्यवस्था मोडली ती दुसऱ्याच कारणाने. असा जाहीर पश्चात्ताप आयुष्यात एकदाच करता येई. मग लोक तो मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. 589 मध्ये स्पेनमधल्या टोलेडोच्या परिषदेने पुन्हा पुन्हा पश्चात्ताप मागणाऱ्यांचा निषेध केला. पण त्याच सुमारास आयरिश मठवासी युरोपच्या मुख्य भूमीवर खाजगी आणि पुन्हा करता येणारी पापकबुली रुजवत होते. वेगवेगळ्या आजारांना वैद्य वेगवेगळी औषधे देतो तसे प्रत्येक पापाचे प्रायश्चित्त वेगळे, असे त्यांच्यापैकी कोलंबॅनस सांगत होता. 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा कबुली बंधनकारक केली. पाळकाने कुशल वैद्याप्रमाणे परिस्थिती विचारून जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावे असे तिने सांगितले, आणि कबुली फोडणाऱ्या पाळकाला पदच्युत करून आजन्म कडक मठात पाठवण्याची शिक्षा ठेवली.

हीच दया बिघडलीही, आणि ती चांगल्या माणसांच्या हातून बिघडली. उत्तर आफ्रिकेतल्या डोनॅटिस्ट या फुटीर ख्रिस्ती गटाशी झालेल्या वादात बिशप ऑगस्टिन आधी फक्त समजावण्याच्या बाजूने होता. 408च्या सुमारास त्याने मत बदलले आणि लूक 14:23 मधल्या ‘आत येण्यास भाग पाडा’ या शब्दांचा आधार घेऊन सरकारी सक्तीला मान्यता दिली. सक्तीने आलेले पुष्कळ जण नंतर कृतज्ञ झाले, असे त्याचे म्हणणे होते. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात संशय धरणाऱ्याला सल्ला देणे हे दयेच्या सात आत्मिक कृत्यांत गणले. बंधुभावाने चूक दाखवल्यास माणूस अधिकच बिघडेल असे दिसले तर ते टाळावे, असेही त्याने लिहिले. आणि त्याच ग्रंथात त्याने श्रद्धा स्वीकारून सोडणाऱ्यांवर सक्ती करणे योग्य ठरवले. ज्याने कधी विश्वास धरलाच नाही त्याच्यावर सक्ती नको, असा फरक तो करतो. त्यामुळे ज्याला सर्वाधिक हळुवारपणे घ्यायला हवे होते, त्याच्याच वाट्याला सर्वाधिक कठोरपणा आला. ही चूक साधी नव्हती; तिच्यापायी माणसे मेली.

प्रॉटेस्टंट परंपरेत प्रश्नाचा रोख पुन्हा मनातल्या संशयाकडे वळला. 1646च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाचा, म्हणजे इंग्लंडमध्ये तयार झालेल्या श्रद्धा-जाहीरनाम्याचा, 18वा अध्याय मान्य करतो की तारणाची खात्री विश्वासाचा अविभाज्य भाग नाही. खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ती मिळायला फार वेळ लागू शकतो आणि मिळालेली डळमळू शकते. कॅथलिक बाजूने 7 डिसेंबर 1965 रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याची घोषणा मंजूर केली. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती नको, हे तिचे मुख्य सूत्र.

यहूदाच्या ओळीचे आणखी एक रूप नंतरच्या बहुसंख्य ग्रीक प्रतींत आहे, आणि 1611च्या इंग्रजी बायबलमध्येही तेच आले. तिथे ते अवघड क्रियापद दया करणाऱ्यालाच लागू होते: ‘फरक करून काहींवर दया करा’. पाठचिकित्सक या पाठाला उत्तरकालीन मानतात, आणि ते बरोबरही असावे. पण नाव लिहा, परिस्थिती विचारा, झगडून मोडलेल्याला धावत गेलेल्याबरोबर तोलू नका, हे कार्थेजच्या बिशपाचे सांगणे त्याच शब्दांत बसते.