ताहिलियानी, राधाकृष्ण हरिराम

(1930–2015). भारतीय नौदलाचे माजी प्रमुख आणि या पदावर पोहोचलेले पहिले वैमानिक अधिकारी. 4 मार्च 1961 रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ ही पहिली भारतीय विमानवाहू नौका सेवेत दाखल झाली आणि 18 मे 1961 रोजी, ती भारताकडे येण्यापूर्वीच, लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर सी हॉक जेट विमान उतरवले. विक्रांतवर विमान उतरवणारे ते पहिले भारतीय वैमानिक ठरले.

या कामगिरीचे मोल कळण्यासाठी जहाजावर विमान कसे उतरते हे ध्यानात घ्यावे लागते. उतरण्याची जागा स्वतः पुढे सरकत असते, लाटांबरोबर वरखाली होते, आणि तिची लांबी जमिनीवरील धावपट्टीच्या मानाने अगदी थोडी असते. विमानाच्या शेपटीकडील हुक डेकवर ताणलेल्या पोलादी तारेत अडकला, तरच विमान थांबते. हुक चुकल्यास तत्क्षणी पुन्हा उड्डाण करता यावे म्हणून इंजिनाचा जोर कायम ठेवावा लागतो. सी हॉक एकआसनी असल्याने सोबत प्रशिक्षक असण्याचाही प्रश्न नव्हता.

तथापि केवळ उड्डाणकौशल्यावर नौदलात सर्वोच्च पद मिळत नाही. वैमानिकालाही जहाजाच्या ब्रिजवर (जहाज जेथून चालवले जाते त्या कक्षात) पहारा द्यावा लागतो, युद्धनौकेचे नेतृत्व करून दाखवावे लागते. ताहिलियानी यांनी पुढे विक्रांतचेच कप्तानपद भूषवले.

नोव्हेंबर 1984 ते नोव्हेंबर 1987 या काळात ते नौदलप्रमुख होते. विक्रांतवर प्रथम विमान उतरवल्याचा उल्लेख सर्वत्र होतो, परंतु हा कार्यकाळ अधिक महत्त्वाचा मानला पाहिजे. नुकत्याच आलेल्या सी हॅरियर विमानांभोवती हवाई शाखेची नवी घडी बसत होती, आणि ब्रिटनकडून घेतलेली ‘हर्मीस’ ही नौका 12 मे 1987 रोजी ‘विराट’ या नावाने दाखल झाल्याने नौदलाकडे प्रथमच दोन विमानवाहू नौका आल्या. श्रीलंकेतील शांतिसेनेच्या मोहिमेचा आरंभही याच काळात झाला.

निवृत्तीनंतर ते सिक्कीमचे राज्यपाल (1990–94) आणि भ्रष्टाचारविरोधी कार्य करणाऱ्या ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल इंडिया या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर वैमानिक अधिकारी नौदलप्रमुख होण्यास 2004 साल उजाडावे लागले. ते अधिकारी म्हणजे पहिल्या सी हॅरियर स्क्वॉड्रनचे (विमानपथकाचे) नेतृत्व केलेले अरुण प्रकाश.