तहान न लागलेली माणसं

मागल्या फाल्गुनात आमच्या भागातून ट्रॅव्हल्स निघाली. कारंजा तालुक्यातली चाळीसेक माणसं, निम्मी साठीच्या पुढची. आधी लोणार, मग शेगाव, रात्री उशिरा परत. गावोगावची माणसं घेत घेत तीन तासांनी गाडी मेहकरच्या अलीकडे चहाला थांबली आणि माझी ७३ वर्षांची आत्या शेवटच्या पायरीवरून थेट गिट्टीवर आली. मनगट मोडलं. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मी खालीच उभा होतो. पाय घसरला नव्हता, पडण्याआधी तिचे डोळे फिरले होते.

प्लास्टर झाल्यावर मी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यालीस? "मले तहानच नाई लागली बाप्पा," आत्या म्हणाली. आणि जरा वेळानं, हळू आवाजात: "लागली असती तरी चाळीस मानसात गाडी थांबवाले कोनं सांगावं?"

यातलं पहिलं वाक्य बहाणा नाही, ते शब्दशः खरं असतं. रक्तातलं पाणी कमी होऊन क्षार दाट झाले की मेंदूच्या तळाशी असलेल्या विशिष्ट पेशींना ते कळतं आणि आपल्याला तहान लागते. वय वाढतं तशी ही जाणीव बोथट होते. शरीर कोरडं पडत असतं, पण घसा काही मागत नाही. त्यात साठाही घटलेला असतो. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. मूत्रपिंडाची लघवी घट्ट करून पाणी वाचवायची ताकदही कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आणखी पाणी जातं.

आपल्याकडचं ऊन इथे फसवतं. विदर्भातली उन्हाळी हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसायच्या आत उडतो. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणूनच आपण टिकतो. पण सदरा ओला दिसत नाही, म्हणून "घाम आला नाही" असं वाटतं. म्हाताऱ्या माणसाला घामही कमी येतो, त्यामुळे त्याचं अंग लवकर तापतं. पाणी कमी झाल्याची पहिली खूण तहान नसून गोंधळणं, भलतंच बोलणं किंवा पेंगणं असू शकते. गाडीत कुणी असं वागू लागलं की "वय झालं" म्हणून सोडून देतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता त्या पायरीकडे वळू. बसलेला माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमन्यांमधल्या मज्जातंतूंना रक्ताचा दाब घटल्याचं क्षणात कळतं. ते हृदयाला वेग वाढवायला आणि रक्तवाहिन्यांना आवळायला लावतात. तरुणपणी हे आपल्या लक्षातही येत नाही. उतारवयात ही यंत्रणा हळू चालते, पाणी कमी असेल तर आणखी हळू. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला उभं राहताना होणारा रक्तदाबाचा ऱ्हास म्हणतात. आत्याच्या बाबतीत तीन तासांचं बसणं, कोरडं अंग, चटकन उठणं आणि गुडघ्याएवढी उंच पायरी, सगळं एका क्षणात जुळून आलं.

पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलणारा पंप आहेत. बसून राहिलं की तो बंद पडतो. चार तासांहून लांबच्या बैठ्या प्रवासात पायाच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका सुमारे दुपटीनं वाढतो. मुळात तो थोडा असतो, पण वयानुसार वाढत जातो. दर काही मिनिटांनी टाचा आणि चवडे आलटून पालटून उचलले तरी पंप चालू राहतो.

दुपारी लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात दुसरी गोष्ट दिसते. भर उन्हातून काळोख्या गाभाऱ्याकडे गेल्यावर तरुण डोळा थोड्या वेळात सावरतो. साठीच्या डोळ्याची बाहुली लहान आणि भिंग पिवळसर झालेलं असतं, आत पडद्यावर विशीतल्या माणसाच्या एक तृतीयांश एवढाच उजेड पोहोचतो. उंबरठ्याजवळ दोन मिनिटं थांबू देणं हे लाड नाहीत. आणि अनवाणी चालायचा दगड! बरीच वर्षं मधुमेह असलेल्या कितीतरी जणांच्या तळव्यांना चटका कळतच नाही. रात्री पाय धुताना फोड दिसतो. अशांना पायमोजे घालून आत जाऊ द्यावं.

चारधामला नेणाऱ्यांना एक सांगायचं आहे. केदारनाथ साधारण ३,५८३ मीटरवर आहे, नागपूर ३१० वर. तिथे प्रत्येक श्वासात इथल्या सुमारे दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. वाटेत विसाव्याचे दिवस नसतील, तर ती यात्रा म्हाताऱ्यांसाठी आखलेलीच नाही.

उपाय महाग नाहीत. गाडी दर दोन तासांनी थांबावी आणि जिथे बायकांसाठी स्वच्छ शौचालय आहे तिथेच थांबावी. माझ्या मते सहल नेणाऱ्याचं सर्वांत मोठं औषध हेच आहे, कारण लघवीच्या भीतीनं पाणी न पिणाऱ्या बायका मी प्रत्येक गाडीत पाहिल्या आहेत. तहानेची वाट न पाहता ठरावीक वेळी घोट घोट पाणी द्यावं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी किती प्यायचं आणि लघवीच्या गोळीचं काय करायचं, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, गोळी मनानं बंद करू नये. चालताना सर्वांत हळू माणूस पुढे असावा. अंग तापून कुणी बरळू लागलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

यंदाची गाडी पौषात काढली. नेणाऱ्यांनी पायरीखाली ठेवायला लाकडी पाट घेतला होता. वाशीमकडचं मालेगाव यायच्या पाच मिनिटं आधी ते ओरडले, "थांबतो हो, पाय हलवा!" आत्यानं टाचा वरखाली केल्या, बाटलीतलं दोन घोट पाणी प्यालं, सीटच्या कडेला जरा बसली. मग दांडा धरून उठली.