मिस्टर वर्ल्ड, मिस्टर सुप्रानॅशनलला जायचंय? आधी शाळेतली टीसी काढून बघा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, हेच रोजचं. गेल्या कापसाच्या हंगामात कबड्डी खेळणारा एक उंचापुरा पोरगा आला, मोबाइल पुढं केला अन् हळूच म्हणाला, "भाऊ, एवढा फॉर्म भरून द्या ना. पण बाबाले सांगू नोका." फॉर्म होता पुरुषांच्या सौंदर्यस्पर्धेचा. वाचत गेलो तसं कळलं की रॅम्पवर चालणं शिकता येईल, पण आपली पोरं त्याच्या फार आधी, कागदपत्रांतच अडकणार. त्यानंतर आणखी तिघं-चौघं विचारून गेले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिला घोळ इथंच होतो की अर्ज नेमका कुणाकडं करायचा. मिस्टर वर्ल्डसारख्या जागतिक स्पर्धेला घरबसल्या थेट अर्ज करता येत नाही. प्रत्येक देशात त्या स्पर्धेचं लायसन्स घेतलेली एक संस्था असते. ती देशातली निवड करते आणि निवडलेला पोरगा पुढं पाठवते. तुमचा फॉर्म जातो तो या देशातल्या संस्थेकडं. हे लायसन्स कायम एकाकडंच राहील असंही नाही, त्यामुळं त्या वर्षी भारताचं काम कुणाकडं आहे हे आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या स्वतःच्या पानावर बघायचं. कुणी फॉरवर्ड केलेल्या पोस्टरवर विसंबायचं नाही.

स्पर्धाही एक नाही. मिस्टर वर्ल्ड ही मिस वर्ल्डवाल्यांचीच, १९९६ साली इस्तंबूलला सुरू झालेली. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या साउथपोर्टला हैदराबादचा रोहित खंडेलवाल ती जिंकला आणि मिस्टर वर्ल्ड झालेला पहिला भारतीय ठरला. बक्षीस ५० हजार डॉलर. मिस्टर सुप्रानॅशनल २०१६ पासून पोलंडमध्ये होते, २०१८ ला ती गोव्याच्या प्रथमेश मौळिंगकरनं जिंकली. हा मूळचा फुटबॉल खेळणारा. याशिवाय मॅनहंट इंटरनॅशनल १९९३ पासून आणि मिस्टर इंटरनॅशनल २००६ पासून आहे. सुप्रानॅशनल कोरोनाचं २०२० सोडलं तर दरवर्षी झाली, पण मिस्टर वर्ल्डचा नेम नाही. २०१६ नंतर ती २०१९ ला झाली आणि मग थेट २०२४ ला, व्हिएतनाममध्ये. पंचविशीतल्या पोरानं "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं, तर पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याचं वय निघून गेलेलं असू शकतं.

पात्रतेचं आता. आपल्याकडच्या पोरांना पोलीस भरतीचे आकडे तोंडपाठ असतात: उंची १६५ सेंटिमीटर, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून ५ जास्त. इथं हिशेब वेगळा आहे. भारतातल्या जाहिरातींत पाच फूट दहा इंचांची अट पुष्कळदा दिसते, म्हणजे जवळपास १७८ सेंटिमीटर. भरतीत आरामात बसणारा पोरगा इथं दारातच थांबू शकतो. उंची अनवाणी मोजायची, सकाळी, भिंतीला टाचा लावून. फॉर्मवर दोन इंच वाढवून टाकले तर निवडीच्या दिवशी पट्टी लावल्यावर शोभा होते, दुसरं काही होत नाही. वयाची मर्यादा अन् अविवाहित असण्याची अट स्पर्धेगणिक बदलते. वय कोणत्या तारखेला मोजणार ते त्या वर्षीच्या नियमांत असतं, ती ओळ दोनदा वाचा.

फॉर्ममध्ये फोटो लागतात: चेहऱ्याचा जवळून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण उंचीचा आणि बहुतेक ठिकाणी अंगावर शर्ट नसलेला. फिल्टर नको. आमच्याकडच्या पोरानं स्टुडिओत जाऊन मागं स्वित्झर्लंडचे डोंगर लावून आणले होते. ते मी बाजूला ठेवले. दुकानामागच्या चुन्याच्या भिंतीला उभं करून सकाळी आठच्या उन्हात पुन्हा काढले, साध्या मोबाइलवर. तेच पाठवले. मापं टेलरकडून घ्यायची, अंदाजानं नाही.

फेऱ्या काय असतात, हे मला सगळ्यांनी विचारलं. टीव्हीवर शेवटची रात्र दिसते, सूट घालून प्रश्नाला उत्तर देणारी. पण खरी छाननी त्याआधीच्या दिवसांत होते. मिस्टर वर्ल्डमध्ये खेळाची, कलागुणांची, मॉडेलिंगची आणि सोशल मीडियाची अशा वेगवेगळ्या चाचण्या असतात, त्यांना फास्ट ट्रॅक म्हणतात. एखादी चाचणी जिंकणारा थेट उपांत्य फेरीत जातो. परीक्षकांसमोर बसून मुलाखत होते. मग जवळपास सगळ्याच स्पर्धांत स्विमवेअरची फेरी, औपचारिक पोशाखाची फेरी आणि बऱ्याच ठिकाणी राष्ट्रीय पोशाखाची. शेवटी वीस, दहा, पाच अशी गळती अन् व्यासपीठावरचा प्रश्न. इंग्रजीची धास्ती सगळ्यांनाच असते, पण या स्पर्धांत दुभाषा घेऊन बोलणारे स्पर्धक नवीन नाहीत. दुभाषाची सोय आहे का ते आधी लिहून विचारायचं. तोडक्यामोडक्या इंग्रजीत पाठ केलेलं बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत सरळ बोललेलं बरं, असं माझं मत.

कलागुणांच्या फेरीत आपली पोरं बॉलीवूडचं गाणं लावून नाचायला जातात, तिथं मात्र मला राग येतो. अरे, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांचा चमू तिथं जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. तुमच्या शाळेतला मल्लखांब दोन मिनिटं करून दाखवा, परीक्षक मान वर करून बघतील. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडचा असाल तर दंडार हे लोकनाट्य आहे, झाडीपट्टीची, म्हणजे त्याच भागातली, नाटकं आहेत. दिवाळीनंतर वडशाच्या नाटकमंडळ्यांबरोबर रातभर मंडपात उभा राहून ज्यानं भूमिका केली, त्याला तीन मिनिटांच्या व्यासपीठाची काय भीती? मल्लखांबाचा खांब विमानात कसा न्यायचा हा प्रश्न उरतोच. दोरीचा मल्लखांब करता येत असेल तर दोरी बॅगेत मावते, फक्त ती टांगायला जागा मिळेल का ते आयोजकांना आधी विचारून घ्या.

पैशाचं एवढंच सांगतो: आयोजक सहसा स्पर्धेच्या गावातली राहण्या-जेवणाची सोय करतात. विमानाचं तिकीट, कपडे, प्रशिक्षण कुणी द्यायचं आणि पुढं काम मिळालं तर कमिशन किती व किती वर्षं, हे करारात लिहिलेलं नसेल तर सही करू नका. "तुमची निवड झाली, आज रात्रीपर्यंत पंचवीस हजार फोनपे करा" असा मेसेज आला की तो भामटा समजायचा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर लगेच फोन करा. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबू नका.

आता कागदपत्रं. आंतरराष्ट्रीय स्पर्धा म्हणजे पासपोर्ट, आणि निवड झाल्यावर पासपोर्ट काढू म्हणणारा हमखास धावपळीत सापडतो. अर्ज पासपोर्ट सेवेच्या साइटवर भरायचा. ३६ पानी, दहा वर्षांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळ हवा तर वर २०००. आपलं विभागीय कार्यालय नागपूरला, शिवाय काही गावांत पोस्टातही पासपोर्टचं केंद्र आहे. अपॉइंटमेंट घेताना जवळचं निवडा. चाकण-पुण्याला कंपनीत असाल तर तिथूनही अर्ज चालतो, फक्त सध्या राहता तोच पत्ता द्या.

जन्मतारखेच्या पुराव्याला जन्म दाखला, टीसी, पॅन असं काहीही एक चालतं. जन्म दाखलाच हवा ही सक्ती १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. पण सगळ्या कागदांवर एकच तारीख अन् एकच स्पेलिंग हवं, आणि गाडी इथंच रुतते. आमच्या कबड्डीवाल्या पोराच्या टीसीवर जन्म १ जून. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेला. ग्रामपंचायतीच्या नोंदीत तो ऑगस्टमधला निघाला. वडिलांचं नाव टीसीवर 'पुंडलीकराव', आधारवर 'पुंडलिक'. आधारावरची जन्मतारीख एकदाच दुरुस्त करता येते, म्हणून खरी कोणती हे ठरल्याशिवाय आधार केंद्राच्या रांगेत उभं राहू नका. एका कार्यालयात आम्हाला तीनदा परत पाठवलं, दर वेळी वेगळं कारण सांगून. चौथ्या वेळी मागच्या तिन्ही वेळचे आक्षेप त्याच बाबूकडून कागदावर लिहून घेतले, मग काम झालं. दहावी पास असाल तर मार्कशीट न्या, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा, शिक्का लागत नाही.

व्हिसा देशागणिक वेगळा. पोलंडचं उदाहरण घेऊ, तिथं शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. फी ९० युरो. विमा किमान ३० हजार युरोंचा. परतीच्या तारखेनंतर तीन महिने पासपोर्ट चालू हवा अन् दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आयोजकांचं निमंत्रणपत्र लागतंच. अवघड जातं ते बँक स्टेटमेंट. नोकरदाराच्या खात्यात दर महिन्याला पगार दिसतो, आपल्या घरी कापूस विकल्यावर एकदाच मोठी रक्कम येते अन् बाकी महिने खातं कोरडं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून रिटर्नही नसतं. तेव्हा वडिलांचं हमीपत्र, त्यांचं स्टेटमेंट, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा, आठ-अ, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, असा गठ्ठा लावायचा.

म्हणजे बाबाले न सांगता हे होत नाही. आमच्या पोराचं बिंग तर त्याही आधी फुटलं. पासपोर्टच्या पडताळणीला जमादार घरी गेला तेव्हा हा कबड्डीला गेलेला, अन् अंगणात बाबाच भेटले. बाजाराच्या दिवशी ते दुकानात आले. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत होतो. त्यांनी खुर्ची ओढली, पिशवीतून आधार काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पोट्ट्याचं पायजे ते कर बाप्पा. पण आता आलोच हाओ तं पीएम किसानची केवायसी बी करून दे."